नाव न लपवता शिकता यावे

युरोपात ‘जिप्सी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या रोमा लोकांचे मूळ भारतातले, हे त्यांच्या भाषेनेच सिद्ध केले आहे. केसांना ते आजही ‘बाल’ म्हणतात, पाचाला ‘पांज’. चेक प्रजासत्ताकातील ओस्ट्रावा शहरी याच समाजाची मुले मतिमंदांसाठी काढलेल्या शाळांत घातली जात. आईबापांची संमती होती, हा सरकारचा बचाव युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १३ नोव्हेंबर २००७ रोजी फेटाळला आणि हा भेदभावच होय, असा निर्णय दिला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्या देशात काय घडले? मध्य प्रदेशातील पांढुर्णा भागात सावरगावासारखी मराठी बोलणारी गावे आहेत. त्यालगतच्या मुलताई तालुक्यात चौथिया येथे पारध्यांची वस्ती जाळण्यात आली. १८७१च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना ३१ ऑगस्ट १९५२ रोजी मुक्त करण्यात आले. पण शिक्का कागदावरून पुसला म्हणून मनातून पुसला जातोच असे नाही.

आणि कागदाची तरी काय कथा! जुन्या छिंदवाडा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा व सौंसर येथेही, पारधी अनुसूचित जमातीत मोडतो. बैतुल जिल्ह्यात ही सवलत काही तालुक्यांपुरतीच, आणि मुलताई त्यांत नाही. बोली तीच, दैवत तेच. तालुक्याची वेस ओलांडली की पोराची शिष्यवृत्ती आणि राखीव जागा गेली!

शाळेतही त्याची गुजरातीशी नाते सांगणारी बोली कुणाला कळत नाही. त्याच्या मौनाला मग मंदबुद्धी म्हटले जाते. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी हा पेच १९५६पासून अनुभवणाऱ्या सीमेवरील मराठी माणसाला तरी हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

शिकायचे तर जात लपवा, हा सल्ला आपण शहाणपणाचा मानतो. लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड यांनी तो मानला नाही. ‘उपरा’ला १९८१चे आणि ‘उचल्या’ला १९८८चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले; समाजाने दिलेली शिवीच त्यांनी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापली. अशी माणसे किती निपजली, हे मोजण्यापेक्षा किती जणांची वाट पहिलीतच बंद झाली, हे सरकारने मोजावे. वस्तीजवळ शाळा, पहिली दोन वर्षे घरच्या बोलीचा आधार आणि तालुक्याच्या वेशीवर न अडणारा दाखला, एवढे तरी तातडीने व्हायला हवे.

आपल्या किनाऱ्यावर मणी-माळा विकणाऱ्या लमाणी बायकांशी आपण भावाची घासाघीस करतो. कर्नाटकात अनुसूचित जातीत गणला जाणारा हा समाज गोव्याच्या त्या यादीत नाही. त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात, याची चौकशी आपल्या शिक्षण खात्याने या हंगामातच करावी.