फ्यूज राखतो कोणाला?

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित होते. २०२१ च्या अखेरीस ते आणखी एका कारणाने गाजले. तेथील एका कारागिराने भंगारातील सुटे भाग जोडून, सुमारे साठ हजार रुपये खर्चून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप तयार केली. आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले आणि २०२२ च्या जानेवारीत तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. ही गाडी नियमांत बसत नाही, असेही त्यांनी कौतुक करतानाच म्हटले होते. कौतुक सर्वांच्या स्मरणात राहिले; नियमांचे वाक्य मात्र कोणी फारसे मनावर घेतले नाही.

विजेच्या तारांविषयी अर्थशास्त्राच्या अध्यापकाने लिहावे काय, असे कोणी विचारील. परंतु घरी मोटार बांधणाऱ्यापुढचा मुख्य प्रश्न पैसा कोठे खर्चावा आणि कोठे वाचवावा हाच असतो. इंजिन, चाके, रंग ही दिसणारी अंगे. तारा पत्र्याआड जातात, म्हणून काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते.

बॅटरी बारा व्होल्टची, तिचा धक्का बसत नाही, तेव्हा तिच्यापासून भय ते कसले, असा समज या काटकसरीला बळ देतो. वस्तुस्थिती उलट आहे. ५५ वॅटचा दिवा घरातील २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर प्रवाह घेतो; तेवढ्याच शक्तीचा मोटारीचा दिवा साडेचार अँपिअरहून अधिक घेतो. प्रवाह सुमारे एकोणीस पट झाला, आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच तारेत ती साडेतीनशे पटींहून अधिक होते. स्टार्टर तर शंभर-दोनशे अँपिअर सहज ओढतो. तार घासून पत्र्याला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. मग तार लाल होते, वेष्टन पेटते, आणि शेजारूनच पेट्रोलची नळी गेलेली असते.

येथे फ्यूजचा संबंध येतो, आणि आपल्याकडील जुना गैरसमजही. फ्यूज दिव्याचे किंवा पंख्याचे रक्षण करतो असे आपण मानतो. वास्तविक तो तारेचे रक्षण करतो. म्हणून त्याची निवड तारेच्या क्षमतेवरून व्हावयास हवी. रेडिएटरचा पंखा सतत १५ अँपिअर घेत असेल, तर २० अँपिअरचा पिवळा फ्यूज आणि २५ किंवा त्याहून अधिक अँपिअर सोसणारी तार, असा क्रम असावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी ३० चा हिरवा बसवला, की तार हीच फ्यूज बनते. चिनी मातीच्या कटआऊटमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळणारे गृहस्थ आपल्या चाळीत आणि वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले. त्यांचा हा वारसा मोटारीत तरी नको. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा, कारण त्याच्या अलीकडच्या तारेला वाली नसतो.

स्टार्टरच्या जाड तारेला बहुधा फ्यूज नसतो. अशी तार आखूड हवी, घट्ट बांधलेली हवी, आणि पत्र्याच्या छिद्रातून जाते तेथे रबरी कडे हवेच. जागेअभावी बॅटरी मागे नेली, तर हीच बिनफ्यूजची तार गाडीभर धावते. मग बॅटरीजवळ मुख्य स्विच टाळता येत नाही. लांबीची आणखी एक किंमत असते. चार मीटर लांब, ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत १५० अँपिअरला पावणेदोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. ३५ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.३. ‘बॅटरी कमजोर आहे’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी तार पाहावी.

पण तार पाहून कळते काय? जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की मालाचा दर्जा विक्रेत्यालाच ठाऊक असेल, तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. तारांच्या बाजारालाही ते लागू पडते. वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेली तार दिसायला तांब्याचीच. मात्र अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्के. जाड प्लास्टिक पाहून ग्राहक तार जाड समजतो. ग्राहकाने एक टोक कापून खरवडून पाहावे, हे ठीक. पण छापील आकार आणि धातू यांची हमी देण्याचे काम प्रमाणीकरणाचेच.

विजेवर चालणारी गाडी बांधणाऱ्या विद्यार्थ्यांनी अधिक सावध राहावे. घरगुती प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे फ्यूजमधील ठिणगी विझते. बॅटरीचा एकदिश प्रवाह शून्यावर येत नाही. उच्च व्होल्टेजला ठिणगी पेटतीच राहते. तेथे एकदिश प्रवाहासाठी, त्याच व्होल्टेजसाठी आणि तेवढा लघुपरिपथ तोडण्यासाठी बनवलेलाच फ्यूज लागतो.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ वा नियम नमुना-गाडीची चाचणी अधिकृत संस्थेकडून करवून घेण्यास सांगतो. ही पद्धत कारखानदारासाठी आखलेली आहे. एकच गाडी बांधणाऱ्या लोहाराला ती परवडणारी नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देतात. तशी माफक शुल्काची सोय येथे झाली, तर कारागिराला कौतुकाबरोबर परवानाही मिळेल, आणि पत्र्याआडची तार एकदा तरी जाणत्याच्या नजरेखालून जाईल. बचत बांधणारा करतो. शेजारच्या आसनावर बसणाऱ्याला त्या बचतीची वार्ताही नसते.