फिजिओथेरपी मोबाईलवर, पण खाड्याचे काय?

कचरागाडीवरच्या कंत्राटी कामगाराची कंबर धरते. डॉक्टर सांगतात, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला या. प्रवास, रांग आणि परतीची वाट यात पाळी बुडते. खाडा पडला की पगार कापला जातो. दोन आठवडे तो जातो, तिसऱ्या आठवड्यात गोळी घेऊन कामावर उभा राहतो. कागदावर शेरा पडतो : रुग्णाने उपचार अर्धवट सोडले. आम्ही विचारतो, त्याने सोडले की त्याला सोडायला लावले?

आता यावर तोडगा सांगितला जातो : मोबाईलवर व्हिडिओने फिजिओथेरपी घ्या. याला नाक मुरडण्याचे कारण नाही. २०२४ साली 'द लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातील एक चाचणी प्रसिद्ध झाली. जुनाट गुडघेदुखीच्या ३९४ रुग्णांपैकी काहींनी फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष भेटून, तर काहींनी व्हिडिओवरून तीन महिन्यांत पाच सत्रे घेतली. वेदना आणि हालचाल या दोन्हींत व्हिडिओचा गट मागे पडला नाही. कारण उघड आहे. अशा दुखण्यात मुख्य काम व्यायाम करतो आणि तो रुग्णालाच घरी करायचा असतो.

पण घर म्हणजे कोणाचे घर? दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात, तिथे चटई कुठे अंथरायची? बाईमाणसाने सगळ्यांसमोर कंबरेचा व्यायाम कसा करायचा? शिवाय पायाला मुंग्या येत असतील, ताकद जात असेल, तर हाताने तपासावेच लागते.

इथे आमच्यासाठी आणखी एक प्रश्न आहे. ज्या समाजाला शतकानुशतके स्पर्श नाकारला गेला, त्याला 'लांबूनच बरे व्हा' असे सांगताना सावध राहिले पाहिजे. पैसेवाल्याला थेरपिस्टचा हात आणि वस्तीला फक्त स्क्रीन, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. ऑनलाईन सोय रुग्णालयातली पदे रिकामी ठेवण्याचे निमित्त बनता कामा नये.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, १९४४ साली, प्रा. अडारकरांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. या योजनेत उपचाराबरोबर आजारपणातल्या मजुरीचाही विचार आहे. पात्र कामगाराला आजारी रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, कामावर इजा झाल्यास त्याहून जास्त. मात्र ठेकेदाराने नावच नोंदवले नाही, तर हा हक्क कागदावरच राहतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पहिली तपासणी प्रत्यक्ष व्हावी. पुढे व्हिडिओ की रुग्णालय, हे कामगाराने ठरवावे. दोन्हींचा वेळ पगारी धरावा. प्रत्येक कंत्राटी कामगाराची विमा नोंदणी व्हावी.

तोवर तरुणांनी दोन कामे हाती घ्यावीत. वस्तीतल्या कामगारांचे विमा क्रमांक तपासावेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारातली एक खोली, चटई आणि चांगले नेटवर्क असलेला फोन उपलब्ध करून द्यावा. वंदना होते तिथे एखाद्याची कंबर सरळ झाली, तर तेही धम्माचेच काम आहे.

जय भीम!