डोळा बघ, मग चाप ओढ

उंब्रजला भाच्याकडे ‘हेलडायव्हर्स २’ हा २०२४ सालचा खेळ रंगात आला होता. समोरून ‘हल्क’ नावाचं लोखंडी धूड येत होतं आणि भाच्याचा मित्र त्याच्या छातीवर गोळ्यांचा पाऊस पाडत होता. भाचा ओरडला, “अरं, छातीवर कशाला मारतोयस? गोळ्या वाया चालल्यात. डोळा बघ!” अगदी बरोबर. हल्कचं चिलखत साध्या रायफलीला दाद देत नाही. तो लाल डोळा मात्र ऑटोकॅननने फुटतो. दुसरी कच्ची जागा पाठीवरच्या झरोक्यांची. यंत्र राबलं की तापतं, उष्णतेला वाट ठेवावीच लागते, आणि तिथे जाड पत्रा बसवता येत नाही. हा बारकावा मला फार आवडतो. खऱ्या रणगाड्याचंही कवच पुढे जाड, मागे पातळ. जागा हेरून वार करायचा, हे तर जुनंच. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या प्रतापगडावर १६५९ साली अफझलखानाचा वार शिवाजी महाराजांच्या चिलखतावरून निसटला, महाराजांनी त्याचं पोट गाठलं. तेव्हा पोरांनो, एकाने हल्कला समोर झुलवत ठेवा, दुसऱ्याने वळसा घालून पाठ गाठा. ढालवाला ‘डेव्हास्टेटर’ आला तर ढालीवर गोळी घालवू नका. डोकं टिपा, नाहीतर बंदुकीचा हात.