आगगाडी गेली, वाट उरली

मागून ट्रकचा हॉर्न वाजला की सायकल मुकाट्याने कडेच्या मातीत उतरवायची, हे आपल्या अंगवळणीच पडलंय ना? म्हणून फ्रान्समधल्या ‘व्वा व्हेर्त’ म्हणजे हिरव्या वाटांबद्दल वाचताना मला हेवाच वाटला.

बरगंडी भागातली जिव्री ते क्लुनी ही रेल्वे बंद पडली. तिच्या जागेवर १९९७ मध्ये सुमारे ४४ किलोमीटरची वाट झाली. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, लहान गावं. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही, त्यामुळे वाट जवळपास सपाट. पोरंटोरं, आजीबाई, कुणीही सायकल मारावी! २००४ मध्ये अशा वाटांना वाहतूक कायद्यात स्थान मिळालं: पादचारी, सायकलस्वार, घोडेस्वार यांनी यावं, मोटारींना मज्जाव.

पण गंमत पाहा. रूळ जिथे होते, तिथेच ही वाट. रोज बाजारात, दवाखान्यात जाणाऱ्या बाईचा रस्ता रुळांवरून थोडाच जातो? त्यासाठी नव्याने वाटा बांधायला हव्यात, आणि त्याला पैसा लागतो. २०२३ मध्ये सरकारने २०२७ पर्यंतची दोन अब्ज युरोंची सायकल योजना जाहीर केली. २०२५ च्या अंदाजपत्रकात मात्र त्या पैशाला कात्री लागली.

मला वाटतं, रस्त्यावरची शांतता आपोआप मिळत नाही. जागा, कायदा आणि पैसा, तिन्ही लागतात. यातलं एक आटलं, तरी सहलीची वाट राहते. रोजच्या कामाची वाट तेवढी अडते.