माहेरची बाग, सासरचं नाव

‘नवरा गेल्यावर बाई किती खंबीर झाली!’ असं आपण अगदी कौतुकाने म्हणतो. मला मात्र ते ऐकलं की दर वेळी एकच प्रश्न पडतो. एवढी धमक तिच्यात होतीच, तर ती दिसायला नवरा जायची वाट का पाहावी लागली?

हा प्रश्न काही आपल्याच गावापुरता नाही, बरं का. फ्रान्समधल्या एका जुन्या द्राक्षमळ्याचा इतिहास वाचताना तो मला पुन्हा भेटला. मळ्याचं नाव शातो दिकेम. बोर्दो शहराच्या आग्नेयेला सोतेर्न नावाचा भाग आहे, तिथल्या टेकडीवर हा वाडा आणि भोवती शंभरेक हेक्टरची बाग. इथली गोड, सोनेरी वाइन जगात सर्वांत महागड्या वाइनमध्ये गणली जाते.

आता तुम्ही म्हणाल, ‘बाई, दारूचं कौतुक कशाला सांगताय?’ तुमचं खरं आहे. दारूने ज्यांचे संसार मोडले अशा बाया मीही पाहिल्यात आणि गावोगावी मतदान करून ‘बाटली आडवी’ करणाऱ्या बायांना माझा मनापासून नमस्कार आहे. मला बाटलीतलं काही सांगायचं नाहीये. मला सांगायचंय ते बागेच्या मालकिणीबद्दल.

तिचं नाव जोसेफीन दि सोवाज दिकेम. जन्म १७६८ चा. इकेमची बाग तिच्या माहेरची. १५९३ पासून सोवाज घराणं ती कसत होतं. आईवडील लवकर गेले आणि ही पोर एवढ्या इस्टेटीची वारस झाली. १७८५ मध्ये तिचं लग्न लुर-सालुस घराण्यातल्या एका सरदाराशी झालं आणि तिच्यासोबत बागही त्या घराण्यात गेली. पुढे तीनच वर्षांत, १७८८ मध्ये, नवरा घोड्यावरून पडून गेला. ही जेमतेम विशीची, पदरात लहान मूल.

आणि वर्षभरात फ्रेंच राज्यक्रांती! सरदार-उमरावांची डोकी उडत होती, इस्टेटी जप्त होत होत्या. जोसेफीनला दोनदा तुरुंगात टाकलं गेलं. पण ती सुटली, परत आली आणि बाग हातची जाऊ दिली नाही. त्याच सुमारास आपल्याकडे महेश्वरात अहिल्याबाई होळकर राज्य सांभाळत होत्या, हे आठवून मला फार गंमत वाटली. दोन टोकांच्या दोन देशांत, एकाच काळात, दोन विधवा कारभार पाहत होत्या.

जोसेफीनने नुसती बाग राखली नाही, धंदा वाढवला. १७९० मध्ये थॉमस जेफरसन यांनी अमेरिकेचे अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्यासाठी या मळ्याची तीस डझन वाइन मागवली, तेव्हा कारभार तिच्याच हाती होता. १८२६ मध्ये तिने खास तळघर बांधून घेतलं, म्हणजे वाइन तिथेच मुरवता येईल. तिच्या काळातली, १८११ च्या हंगामाची एक बाटली २०११ मध्ये ७५ हजार पौंडांना विकली गेली!

या बागेचं कामही मोठं चिकाटीचं. शरद ऋतूत सिरों नावाची थंड पाण्याची छोटी नदी गारोन नदीला मिळते, त्यामुळे सकाळी बागेवर धुकं उतरतं. दुपारी ऊन पडतं. या धुक्या-उन्हात द्राक्षांवर एक बुरशी धरते. आपला बागायतदार बुरशी म्हटलं की फवारणीचा पंप घेऊन धावेल. इथे मात्र तिची वाट पाहतात! ही बुरशी मण्याची साल सच्छिद्र करते, आतलं पाणी उडून जातं आणि साखर दाट होते. मणी सुरकुततो, दिसायला अगदी टाकाऊ. पण सगळे मणी एकदम असे होत नाहीत. म्हणून तोडणीची माणसं एकाच वेलीकडे पुनःपुन्हा येतात, कधी पाच-सहा वेळा, आणि तयार झालेले मणीच तेवढे खुडतात. एवढं करून एका वेलीपासून हाती येते ती जेमतेम पेलाभर वाइन. आणि एखाद्या वर्षी माल मनासारखा नसला, तर इकेमच्या नावाने बाटलीच भरत नाहीत. १९९२ मध्ये भरली नाही, २०१२ मध्येही नाही. अख्ख्या वर्षाच्या नुकसानीपेक्षा नाव मोठं!

नाव मोठं खरं, पण कुणाचं? माझा मुद्दा इथेच आहे. जोसेफीन १८५१ मध्ये वारली. मुलगा तिच्या आधीच गेला होता, बाग नातवाकडे आली. चारच वर्षांनी, १८५५ मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी झाली, तेव्हा सोतेर्नच्या सगळ्या मळ्यांच्या वरचा खास दर्जा एकट्या इकेमला मिळाला. साठ-बासष्ट वर्षं राबली ती जोसेफीन, आणि पुढे कित्येक दशकं बाटलीच्या लेबलावर काय छापलं गेलं? ‘लुर-सालुस’. बाग माहेरची, घाम तिचा, नाव सासरचं!

अजून एक गोष्ट पाहा. १८०४ मध्ये नेपोलियनने फ्रान्सला नवा कायदा दिला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं. नवऱ्याच्या परवानगीशिवाय लग्न झालेल्या बाईला साधा करारही करता येत नव्हता. विधवेला मात्र येत होता! म्हणजे जोसेफीनचा नवरा जिवंत असता, तर तळघर बांधायचा निर्णय तिला घेताच आला नसता. फ्रान्समधल्या विवाहितेला नवऱ्याला न विचारता बँकेत खातं उघडायचा हक्क मिळाला तो थेट १९६५ मध्ये. लोक जिला ‘बिचारी’ म्हणत, तीच त्यातल्या त्यात मोकळी. कसला हा उफराटा न्याय!

आपल्याकडे कायद्याने तरी एवढी वाट पाहायला लावली नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहिमेने नवऱ्यांना बायकांच्या नावे जमीन करायला लावली. पण प्रत्यक्षात काय दिसतं? आमच्या बचत गटात मी एकदा सहज विचारलं, ‘सातबाऱ्यावर नाव कुणाकुणाचं आहे?’ चौदाजणींत दोन हात वर झाले. दोघीही विधवा. आणि माहेरच्या जमिनीचं विचारलं, तर बाकीच्यांनी हसून सांगितलं, ‘हक्कसोडावर सही करून मोकळ्या झालो, भावाशी वाकडं कोण घेणार?’

भावाशी भांडा असं मी म्हणत नाही. माया तुटावी असं कुणालाच वाटत नाही. पण सही करण्याआधी कागद वाचायला काय हरकत आहे? शेताचा गट नंबर, सोसायटीचं कर्ज, विम्याचा हप्ता, घराची घरपट्टी कुणाच्या नावे निघते, हे नवरा धडधाकट असतानाच माहीत असायला हवं. मालाचा भाव ठरताना आपणही तिथे बसायला हवं. विचारलं की घरात पहिल्यांदा जरा भुवया उंचावतील. उंचावू देत. चहा करून द्या आणि पुन्हा विचारा!

इकेमच्या तळघराची प्रमुख म्हणून १९९८ ते २०२२ एका बाईनेच काम पाहिलं, सान्द्रिन गार्बे तिचं नाव. शिकून, हुद्द्याने, स्वतःच्या नावाने. तिला ते काम मिळायला कुणाला घोड्यावरून पडावं लागलं नाही. आपल्या लेकीसुनांच्या वाट्याला असंच काही यावं असं वाटत असेल, तर सुरुवात आपल्यालाच करायला हवी. या आठवड्यात तलाठी कार्यालयातून आपल्या शेताचा उतारा तेवढा आणा, मैत्रिणींनो. त्यावर आपलं नाव आहे का, एवढंच आधी पाहा.