आंब्याचे कलम आणि माणसाची कातडी

शेजाऱ्याच्या झाडाची काडी आणून आपण आपल्या आंब्याच्या खुंटावर कलम बांधतो. ते एकदा जीव धरले की वर्षानुवर्षे फळे देते. माणसाच्या कातडीचे तसे नाही. १९४३ साली ग्लासगो येथे गिब्सन आणि मेडावार यांनी एका भाजलेल्या स्त्रीच्या जखमांवर तिच्या भावाची कातडी लावून पाहिली. ती टिकली नाही. पुन्हा लावली, ती आणखी लवकर गेली. शरीर परके ओळखते आणि ती ओळख लक्षात ठेवते, हे त्यावरून कळले. कायमची चालते ती फक्त एकसारख्या जुळ्या भावंडाची.

मग मेल्यावर आमची कातडी कुणाच्या काय कामाची, असे पुष्कळजण आम्हांला विचारतात. पुष्कळ कामाची! फार भाजलेल्या रोग्याच्या उघड्या जखमांतून अंगातले पाणी झिरपते, जंतू शिरतात, आणि त्याची स्वतःची कातडी काढावी तर जागा उरलेली नसते. दानाची कातडी त्या जखमांवर दोन-तीन आठवडे पांघरूण होते. तेवढ्या अवधीत रोगी सावरतो. ती कायम राहायची नसतेच; म्हणून मूत्रपिंडासारखी ऊतकांची जुळवाजुळव लागत नाही, रक्तगटही नाही. जातधर्माचे तर नावच नको.

सुरतेला आगीविषयी काय सांगावे? २४ मे २०१९ रोजी तक्षशिला इमारतीच्या आगीत २२ मुले गेली. मुंबईच्या शीव रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे, ऐरोलीलाही आहे. तेथे कातडी ग्लिसरॉलमध्ये वर्षानुवर्षे टिकते. उणीव आहे ती दात्यांची.

आपल्या लोकांची खरी भीती दफनाची आहे. देह विद्रूप होईल, पुनरुत्थानाचे काय, असे म्हणतात. मांड्या, पाय व पाठ येथला पातळ पापुद्रा तेवढा काढतात आणि पट्टी बांधतात. चेहऱ्याला हातही लागत नाही. शवपेटीत काही दिसत नाही. १९५६ सालीच पोप बारावे पायस यांनी मृताचे नेत्रपटल दुसऱ्यासाठी घेण्यात गैर नाही असे सांगितले होते. मातीत विरणाऱ्या देहातून प्रभू आपल्याला उठवणार, तर एका पापुद्र्यासाठी तो अडेल काय?

अडचण निराळीच आहे. कातडी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावी लागते, आणि आपल्याकडे गावोगावच्या नातलगांची वाट पाहण्यातच तेवढे तास जातात. म्हणून अठरा वर्षांवरील प्रत्येकाने आपली इच्छा घरच्यांना आताच सांगून ठेवावी, आणि जवळच्या रुग्णालयात कुणाला कळवायचे ते विचारून घ्यावे. मृत्यू झाल्यावर आधी तिकडे फोन करा, मग आम्हांला. मिस्सा तासभर उशिरा झाली तरी आमची तक्रार नाही.