निदान परळला, दुखणे मानवतला

डॉ. कंजाक्ष घोष हे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. नटांच्या जन्मतिथी तोंडपाठ असलेल्या समाजात ते स्वाभाविकच आहे! मुंबईस परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेचे ते संचालक होते. तेथे त्यांनी व डॉ. श्रीमती शेट्टी यांनी हिमोफिलियाग्रस्त कुटुंबांसाठी दीर्घकाळ काम केले. कोणती लेक हा विकार वाहते, गर्भातील बालकास तो आहे की नाही, हे सांगण्याची सोय त्यांच्या श्रमाने कित्येक घरांना लाभली. गरीब देशात हा रोग कसा आवरावा, याविषयी घोष यांनी वारंवार लिहिले.

या विकारात रक्त गोठविणारा एक घटक जन्मतःच अपुरा असतो. आईकडून तो मुलास येतो; म्हणून आमच्याकडे दोष सुनेच्या माथी बसतो. वस्तुतः सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो पूर्वी आढळलेलाच नसतो. मुलगा धडपडला की गुडघ्यात रक्त साचते. असे पुन्हा पुन्हा होऊन सांधा कायमचा निकामी होतो. उणा घटक टोचून दिला तर हे टळते; परंतु तो शक्यतो दोन तासांच्या आत द्यावा लागतो.

आता हे दोन तास मानवतच्या घड्याळावर मोजून पाहावेत. स्टेशन मानवत रोड, तेही गावापासून दूर. आणि परळ म्हणजे रात्रभराचा प्रवास. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे परभणी जिल्ह्याची वस्ती १८ लाख ३६ हजार. दर पाच हजार मुलग्यांमागे सुमारे एक, या प्रमाणाने एकट्या या जिल्ह्यात पावणेदोनशेच्या घरात रुग्ण जन्मलेले असणार. त्यांपैकी किती जणांना आपल्या दुखण्याचे नाव तरी कळले असेल?

शासनाने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. काही सरकारी रुग्णालयांत हा घटक मोफत मिळू लागला. २०१६ च्या कायद्याने हिमोफिलियाची गणना अपंगत्वात झाली. वेल्लोरला डॉ. आलोक श्रीवास्तव यांनी पाच रुग्णांवर जनुकोपचार यशस्वी केल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले, त्याचा आम्हांस अभिमानच आहे. पण मानवतच्या मुलाला आज जनुकोपचार नको आहे. त्याला एक कुपी, एक सुई आणि ती शिरेत टोचू जाणणारी परिचारिका हवी आहे. बालकांच्या लसी ज्या थंडाव्यात ठेवतात, त्याच थंडाव्यात या कुप्या टिकतात. तेव्हा साठवणुकीची सबब कोणी पुढे करू नये. खर्च मोठा आहे, हे खरे. मात्र वीस वर्षांच्या तरुणाला कुबड्यांवर बसवून ठेवण्याचा खर्च कोणत्या अंदाजपत्रकात मांडला जातो?

परभणी जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात या घटकाचा निदान प्राथमिक मात्रेइतका साठा ठेवावा व रुग्णांची शिरगणती तातडीने हाती घ्यावी, अशी आमची आरोग्यमंत्र्यांकडे मागणी आहे.